रुस्ताकपलीकडचा माग

मस्कतला नोकरी लागली तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. साल २०१५. रुवीतल्या एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन. बाई असले तरी पदाचं नाव तेच. राहायला हमरियात, एका मराठी कुटुंबाकडे पेइंग गेस्ट. पहिल्याच आठवड्यात जेवताना घरमालकीण काकूंनी विचारलं, "वडील काय करतात गं?"

"टेक्स्टाइलमध्ये आहेत," मी म्हटलं.

"म्हणजे मिलमध्ये का?"

"नाही, स्वतःचं आहे."

तसं ते खोटं नव्हतं. माझे आप्पा घोंगड्या विणतात. आम्ही सणगर. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी अंगाला आमचं गाव. आजोबांच्या वेळी आमच्या आळीत घरटी एक माग होता, मी डिप्लोमाला गेले तोवर दोन उरले होते. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून आप्पा बसायचे आणि दिवसभर फणी ठोकल्याचा आवाज यायचा. आई लोकर पिंजायची, सूत कातायची. मी आणि आईने मागावर मात्र बसायचं नाही. असं का, ते कोणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलंही नव्हतं. घरात कायम लोकरीचा आणि चिंचोक्याच्या खळीचा वास. सूत ताठ व्हावं म्हणून त्याला चिंचोके शिजवून केलेली खळ लावतात. शाळेतल्या मुली म्हणायच्या, तुझ्या गणवेशाला मेंढराचा वास येतो. तेव्हापासून वडिलांचा व्यवसाय विचारला की मी दुसरं काहीतरी सांगायला शिकले.

ओमानला निघताना आईने सुटकेसमध्ये एक काळी घोंगडी कोंबली. "आई, तिकडे वाळवंट आहे," मी म्हटलं. ती म्हणाली, "आसू दे. परक्या मुलखात आपलं कायतरी अंगावर आसावं." हमरियाच्या खोलीत ती घोंगडी मी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पलंगाखाली सारली. खोलीतल्या मैत्रिणीला वास येईल ही धास्ती.

आप्पांशी दर शुक्रवारी फोन व्हायचा. तिकडे व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉल लागत नाही, मेसेज तेवढे जातात, म्हणून साधाच फोन. "जेवलीस?" "हो." "लई उन हाय का?" "आहे." "बरं, आईला देतो." दोन-दोन मिनिटांचं बोलणं. भांडण नव्हतं, पण बोलायला काही सापडायचं नाही.

वर्षभराने कंपनीला एका मुलींच्या शाळेच्या वाढीव इमारतीचं काम मिळालं. रुस्ताकच्याही पलीकडे, डोंगराच्या पायथ्याचं खेडं. शाळा चालू असताना आत जाऊन मापं घ्यायची तर बाई हवी, आणि ऑफिसात टेप धरू शकणारी बाई मी एकटी. दर मंगळवारी सकाळी कंपनीची गाडी मला घेऊन जायची. ड्रायव्हर ओमानीच होता, पन्नाशीचा, त्याच भागातला. तरुणपणी मस्कतच्या बंदरावर भारतीयांबरोबर काम केल्यामुळे त्याला हिंदी येत होतं, त्याच्या पद्धतीचं.

तिसऱ्या मंगळवारी परतताना त्याने गाडी एका मातीच्या जुन्या घरापाशी थांबवली. "मॅडम, मेरा चाचा का घर. दवाई देना है. दो मिनट."

मी काच खाली केली आणि आवाज ऐकला. ठक. मग थोडा खंड. पुन्हा ठक, ठक. मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी उतरले आणि त्याच्या मागोमाग आत गेले.

आडोशाला झापांचं छप्पर, त्याखाली खड्डा आणि खड्ड्यात कमरेपर्यंत बसलेला सत्तरीचा म्हातारा. पुढे ताणलेले उभे धागे, काळे आणि लाल. हातात आडवा धागा नेणारा धोटा. आमच्या मागापेक्षा हा अरुंद आणि ओबडधोबड होता, पण पाय दाबल्यावर धागे जसे उघडत होते, तसेच आमच्याकडेही उघडतात. म्हातारा सतरंजीसारखं पट्ट्यापट्ट्यांचं काहीतरी विणत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, सलाम घेतला आणि पुन्हा कामाला लागला. मी खुणेनेच परवानगी मागून मिनिटभराचा व्हिडिओ घेतला. माझ्या घरी माग आहे, हे काही मी बोलले नाही.

गाडी मोठ्या रस्त्याला लागल्यावर रेंज आली आणि तो व्हिडिओ मी भावाच्या फोनवर पाठवला. खाली लिहिलं, "आप्पांना दाखव."

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सीत असताना उत्तर आलं. आप्पांनी आयुष्यात पाठवलेला पहिला व्हॉइस मेसेज. आधी नुसतं खाकरणं, मग भावाचा आवाज, "बोला, चालू हाय," आणि मग आप्पा: "आगं, त्या बाबाचं डाव्या काठाचं धागं ढिलं हायत. म्हनून काठ लाटंसारखा जातोय. त्येला सांग, ताणून घे म्हनावं. आन् मेंढराचं हाय का शेरडाचं? चमक येगळी दिसती."

टॅक्सीत मी तो तीनदा ऐकला. इतकी वाक्यं आप्पा माझ्याशी सलग बोलल्याचं मला आठवत नव्हतं.

पुढच्या मंगळवारी मीच ड्रायव्हरला म्हटलं, चाचांकडे थांबू या. आणि जाताना पलंगाखालची पिशवी बरोबर घेतली. आप्पांचा निरोप ड्रायव्हरने अरबीत सांगितला तसा म्हाताऱ्याचा हात थांबला. तो काहीतरी तोडून बोलला.

"चाचा पूछता है," ड्रायव्हर जरा संकोचून म्हणाला, "ये कौन बोला?"

"मेरा बाप बोला," मी म्हटलं. "वो भी यही काम करता है. हमारा पूरा खानदान यही काम करता है."

परक्या माणसांसमोर हे वाक्य मी पहिल्यांदाच बोलत होते. ड्रायव्हर माझ्याकडे बघतच राहिला. इतके दिवस तो मला कुणा बड्या घरची मुलगी समजत होता बहुधा.

मी घोंगडी काढून म्हाताऱ्याच्या पुढ्यात ठेवली. त्याने ती उलटीपालटी केली, काठ दोन बोटांत धरून शेवटपर्यंत चाचपला, नाकाशी नेली. मग बरंच काही बोलला. ड्रायव्हरने थोडक्यात सांगितलं, "बोलता है, किनारा अच्छा है. सीधा है. लेकिन कपडा लकडी के माफिक कडक. ये आदमी को काटेगा."

तो निरोप मी आप्पांना पाठवला. त्यावर दोन मेसेज आले. पहिल्यात आप्पा रागावले होते. "कडक आसनारच! खळ हाय ती. पांघरून पांघरून मऊ पडती. आन् खळीमुळं पावसाचं पानी आत येत न्हाय, धनगर चार म्हयने रानात कशावर काढतो म्हनावं?" दुसरा जरा वेळाने: "ते शेरडाचं केस त्यो कसं कातितो, बघून ये. शेरडाचं सूत माज्यानं कदी जमलं न्हाय."

पुढच्या खेपेला मी हे सांगितलं, तर पाऊस म्हटल्यावर म्हातारा इतका हसला की त्याला खोकला लागला. हाताने वर दाखवून त्याने विचारलं, कुठे आहे पाऊस? मग मात्र आतून बायकोला बोलावलं. ती चाती घेऊन आली आणि उभ्या उभ्या, चालता चालता शेळीच्या केसांचं सूत कसं काढतात ते मला दाखवलं. मी त्याचाही व्हिडिओ घेतला. आईला पाठवला. आईचं उत्तर आलं, "बाई झ्याक हाय की."

असे पाच-सहा मंगळवार गेले. मी निरोप नेत होते, आणत होते. दोन म्हातारे एकमेकांना न बघता वाद घालत होते आणि दोघांनाही मंगळवारची वाट असायची. शुक्रवारच्या फोनवर आता आप्पाच आधी विचारायचे, "काय म्हनला त्यो?"

एकदा आईशी एकटीशी बोलताना मी म्हटलं, "आप्पा हल्ली खुशीत दिसतात."

आई म्हणाली, "तुला सांगितलं न्हवतं. दोन वर्सं माग बंदच हुता. कुनी घेत न्हाय, म्हनून त्येंनी पोतं टाकून झाकला हुता. परवा पोतं काढलं आन् झाडला. म्हनलं काय करताय, तर म्हनलं, त्यो म्हातारा माज्या घोंगडीला लाकूड म्हनतोय, त्येला दावतो."

दोन वर्षं. म्हणजे मी मस्कतला जायच्या आधीपासून. मी घरात असताना माग झाकला गेला असणार आणि मला तो आवाज बंद झालेला जाणवलाही नव्हता. माझ्या डोक्यात व्हिसा, मेडिकल, तिकीट. त्या दिवशी कामात लक्ष लागलं नाही. एका जिन्याच्या पायऱ्या मी दोनदा चुकीच्या काढल्या.

शाळेचं काम संपायला आलं तेव्हा एका मंगळवारी म्हातारा खड्ड्यातून हात टेकत वर आला, गुडघे चोळले आणि मला म्हणाला, "यल्ला, बिन्ती." यल्ला म्हणजे चल, बिन्ती म्हणजे माझी मुलगी. खड्ड्याकडे बोट दाखवून तो, बस, म्हणत होता.

मी ड्रायव्हरला म्हटलं, "हमारे घर में औरत इस पे नहीं बैठती."

ड्रायव्हरने सांगितलं. म्हाताऱ्याने मान हलवली आणि एवढंच विचारलं, "मग तुझ्या बापानंतर कोण बसणार?"

भाऊ टेम्पो चालवतो. मी सँडल काढल्या आणि खड्ड्यात उतरले.

आत गार होतं. पायाखालच्या पट्ट्या घासून गुळगुळीत झालेल्या. लहानपणी हजारदा बघितलेलं होतं, म्हणून मला वाटलं हात आपोआप चालतील. कसले चालतात! धोटा अर्ध्यात अडकला, धागा तुटला. म्हाताऱ्याने शेजारी बसून गाठ मारून दिली. तासाभरात मी चार बोटं कापड विणलं. ड्रायव्हरने माझ्या फोनवर व्हिडिओ काढला आणि नंतर गाडीत विचारलं, "बाबा को भेजेगा?"

मी पाठवू की नको करत रुस्ताकपर्यंत आले आणि तिथे चहाला थांबलो तेव्हा एकदाचा पाठवला.

दोन दिवस उत्तर नाही. निळ्या खुणा आलेल्या, म्हणजे पाहिलं होतं. शुक्रवारी फोन करायचं धाडस मला झालं नाही. शनिवारी सकाळी मेसेज आला. सुरुवातीला कितीतरी वेळ नुसता आमच्या मागाचा आवाज. मग आप्पा:

"डावा पाय आधी दाबलास. उजवा आधी. मग धोटा. आन् फनी वडताना खांदा न्हाय हालवायचा, कोपरातनं वडायची." पुन्हा दोन ठोके. "सुट्टीला कवा येतीस?"

डिसेंबरात पंधरा दिवस मिळाले. जाण्यायेण्याचे गेले, उरले अकरा. आप्पांनी सूत ताणूनच ठेवलं होतं. सकाळी चहा झाला की मी खड्ड्यात, ते काठावर बसून. ते ओरडायचे, मीही ओरडायचे. शेजारची आत्या दारातून बघून म्हणाली, "ह्ये काय, पोरीला मागावर बसिवलं?" आप्पांनी वरही न बघता सांगितलं, "ती तिकडनं शिकून आलीया. तिकडं बायकाच करत्यात." दोन्ही गोष्टी धडधडीत खोट्या. आई आत तोंडाला पदर लावून हसत होती.

दहाव्या दिवशी घोंगडी उतरली. एक काठ आप्पांनी सांगूनही वाकडा गेला होता. खळ मात्र मी हट्टाने पातळ लावली होती. आप्पांनी ती झटकली, उन्हाला धरली. "घोंगडी हाय," म्हणाले. बाकी काही नाही. सामान जास्त झालं म्हणून मी ती घरीच ठेवून आले.

मी विणकर झाले नाही. वर्षातून अकरा दिवस शिकून कोणी होत नाही. मस्कतला परतले, शाळेचं काम संपलं होतं, मंगळवारची फेरी बंद झाली. ऑफिसात पुन्हा जिने आणि खिडक्या. काकूंना एका संध्याकाळी भाजी निवडताना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं मग टेक्स्टाइल काय म्हणालीस? मला एक घोंगडी हवीच होती, ह्यांच्या कमरेला."

मार्चमध्ये आप्पांचा मेसेज आला. "तुजी घोंगडी गेली. आपल्या वाडीवरचा धनगर घिऊन गेला."

मी ऑफिसच्या पायऱ्यांवर जाऊन थेट फोन लावला. "आप्पा, माझी पहिली होती ती! विकलीत कशी?"

"मग काय कराची? पेटीत घालून पुजाची? घोंगडी पांघराया आसती. माज्या दोन ठिवल्या हुत्या म्होरं, तर त्येनं तुजीच उचलली. हलकी हाय म्हनला, खांद्याला बरी."

"काठ वाकडा आहे, सांगितलंत का?"

"त्येला डोळं हायत की."

मी फोन ठेवला. राग आला होता, आणि तो टिकत नव्हता.

त्या शुक्रवारी ड्रायव्हर आपल्या गावी जाणार होता, मी त्याला विचारून बरोबर गेले. त्याची बायकोही गाडीत होती. म्हातारा खड्ड्यात नव्हता. सावलीत बसून सूत गुंडाळत होता. मी सगळी हकिकत सांगितली, ड्रायव्हरने ती अरबीत केली. म्हाताऱ्याने नीट ऐकून घेतलं आणि एक प्रश्न विचारला. ड्रायव्हर हसायला लागला.

"चाचा पूछता है, वो आदमी के पास बकरी कितना है?"

मला काय माहीत! मी तिथूनच आप्पांना फोन लावला. भिंतीवर चढल्यावर रेंज मिळाली. आप्पांनी मनाशी हिशेब करून सांगितलं, "मेंढरं दीडशे आसतील. आन् शेरडं धा-बारा."

मी ओरडून ड्रायव्हरला आकडा सांगितला, त्याने म्हाताऱ्याला सांगितला. म्हाताऱ्याने दोनदा मान हलवली, म्हणाला, चांगलं गिऱ्हाईक आहे, आणि सुताचं टोक माझ्या हातात देऊन मला समोर बसवलं, कारण एकट्याने गुंडाळताना त्याचा गुंता होत होता.