टोपाचा उतारा

लढाई संपली आणि नगरच्या छावणीतला जुना माल लिलावात निघाला. आमचे हे उसाच्या मळ्यांवरची पाण्याची इंजिनं दुरुस्त करायचे. आज राहुरी, उद्या कोपरगाव. सायकल दामटून जीव मेटाकुटीला यायचा, म्हणून त्यांनी लिलावातली फटफटी घेतली. तिच्यासोबत डोक्यावर घालायचा एक लोखंडी टोप मिळाला, फटफटीवरून निरोप पोचवणाऱ्या शिपायांचा. फटफटीला हार घातला आणि टोप पडला बंबाशेजारी.

मीच तो पुसायला घेतला. उजव्या अंगाला मूठ बसेल एवढा पोचा. आतल्या चामड्यावर काळपट डाग. हनुवटीखालचा पट्टा तुटलेला नव्हता, धारेनं सरळ कापलेला होता. कुणाच्या तरी डोक्यावरून टोप काढताना कापला असणार.

"मेलेल्या मानसाची वस्तू हाय, भायेर टाक," सासूबाई म्हणाल्या.

मी टाकला नाही. माझे वडील बैलगाडीवरून पडले, डोकं दगडावर आपटलं आणि गेले. पुढे आईनं लोकांची दळणं दळून आम्हाला वाढवलं. म्हणून माझा हट्टच होता, डोक्याला टोप हवा आणि घराला विमा. तोही किरियाकर्मापुरता नको, पोरं शिकून मोठी होतील एवढा. मी एजंटाला घरी बोलावलं, तर सासूबाईंनी त्याला उंबऱ्यावरच थांबवलं. "जित्या मानसाच्या मरनाची बोली या घरात न्हाई." तो बिचारा पाणी पिऊन गेला.

"अगं, मी काय लगेच चाललोय का?" हे हसून म्हणाले.

"चाललात तर मग मी भांडू कुणाशी?" म्हटलं. राग तर असा आला होता की दोन दिवस धड बोलले नाही.

चांभाराकडून पट्टा शिवून आणला. माझी कटकट नको म्हणून हे टोप घालायचे, पण पट्टा बांधायचे नाहीत. गळा आवळतो म्हणे. तो दोन्हीकडे लोंबत राहायचा. खुंटीवर टोप असला की वारा नसतानाही पट्टा हलायचा. ऐन उन्हाळ्यात सकाळी आतलं चामडं ओलसर लागायचं, नुकताच कुणी घालून काढल्यासारखं.

सासूबाईंनी अमावस्येला दहीभात टोपावरून उतरवला आणि दिवे लागायच्या आत वेशीबाहेर ठेवून यायला मला सांगितलं. उतारा ठेवताना बोलायचं नसतं, मागे वळून बघायचं नसतं. टोप ज्याचा होता त्यानं जावं म्हणून तर तो घास. पण पत्रावळ खाली ठेवली आणि मला त्याची आई आठवली, जिला मी कधी पाहिलंही नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "बाबा, तू कोण कुणाचा, ठाऊक नाही. तुझं डोकं वाचलं नाही. आमच्या माणसाचं तेवढं सांभाळ." वर मागे वळूनही पाहिलं. घरी येईपर्यंत माझ्या चपलांमागे बुटांचा आवाज येत होता. मी कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी राहुरीच्या रस्त्यावर, भर दुपारी, खडीवरून फटफटी घसरली. उसाच्या गाडीवाल्यांनी यांना दवाखान्यात आणलं. मी पोचले तेव्हा हे बेशुद्ध होते, डोक्यावर टोप तसाच, आणि पट्टा हनुवटीखाली घट्ट बांधलेला.

"पट्टा कुणी बांधला?" मी विचारलं.

"आमी हात न्हाई लावला, बाई," गाडीवान म्हणाला. "सापडले तवा असंच हुतं."

डॉक्टरांना गाठ सुटेना. तसली गाठ आमच्याकडे कुणी मारत नाही. शेवटी कात्री घेतली आणि पट्टा पुन्हा तिथंच कापला गेला, जिथं चांभारानं शिवला होता. टोपाला डाव्या अंगाला नवा पोचा होता. आत यांचं डोकं धड होतं. मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसले आणि रडले.

शुद्धीवर आल्यावर हे पहिलं काय म्हणाले, तर, "पडायच्या आधी कुणीतरी मागून हनुवटीखाली हात घातला. बोटं फार गार होती." मग म्हणाले, "त्या एजंटाला बोलाव."

एजंट आला. सासूबाईंनी स्वतः त्याच्यासाठी घोंगडी अंथरली आणि विमा पोरांना पुरेल एवढा आहे का, हे त्याला दोनदा विचारलं.

पुढच्या अमावस्येला त्यांनी दहीभात कालवला. मी पदर खोचून निघाले, तर त्यांनी हात धरला.

"वेशीवर नेऊ नगं," त्या म्हणाल्या. "खुंटीखाली ठेव. घरातलाच हाय आता."