सासऱ्यांसाठी निवडलेल्या विनोदी मालिका

विनोदी मालिका सुचवणं हे शाळेतलं माझं बिनपगारी खातं आहे. नेरडीगोंड्याच्या बाजूच्या एका शाळेत मी शिकवते. आदिलाबादहून बसने जाते-येते, वाटेत मोबाईलवर जे बघते ते मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये वाटते. मराठी, हिंदी, तेलुगू, काहीही चालतं. पहिल्या भागात कुणी देवासमोर उभं राहून रडलं की मालिका बाद, एवढाच नियम. माझ्या पसंतीला कुणी नावं ठेवली नव्हती. मग सासऱ्यांच्या पायाचं हाड मोडलं.

ते गावी असतात, कापूस आणि ज्वारी करतात, हंगाम संपला की महिना-दोन महिने आमच्याकडे येऊन राहतात. यंदा बांधावरून घसरले आणि दीड महिन्याचं प्लास्टर घेऊन आमच्याकडे आले. खाली आम्ही राहतो, वर दीर आणि जाऊ. जाऊ तेलुगू. दिराने तिच्याशी लग्न ठरवलं तेव्हा सासऱ्यांनी विरोध केला नाही. आपल्याला तेलुगूचा एक शब्द येत नाही, तेव्हा या सुनेशी बोलणं काही जमायचं नाही, एवढंच त्यांनी जाहीर केलं. सहा वर्षं ते त्यावर ठाम होते. जावेचं मराठी भाजीवालीपुरतं. सासऱ्यांना तेलुगू कळत नाही म्हटल्यावर तीही मोकळी होती. त्यांच्या पुढ्यात ताट ठेवताना ती गोड हसून तेलुगूत म्हणायची, "खा म्हाताऱ्या बैला, आज मीठ कमी म्हणालास तर उद्या कडबा वाढते." मला शाळेमुळे तेलुगू चांगलं कळतं. मी पदर तोंडाला लावून स्वयंपाकघर गाठायची. सासरे शांतपणे घास मोडायचे.

पडून पडून ते आठवड्यात कंटाळले. पंखा कुरकुरतो, चहा फिका आहे, शेजारी फार शिंकतो. शेवटी मी पलंगासमोर टीव्ही लावला आणि माझं खातं उघडलं.

पहिली मालिका मराठी होती, एका गच्चीवरून भांडणाऱ्या चार कुटुंबांची. स्टाफरूममध्ये ती फार चालली होती. सासऱ्यांनी पाच मिनिटं पाहिली आणि विचारलं, "हे मांगून कोन हासून राह्यलं?" ते हसणं आधीच भरून ठेवलेलं असतं, असं मी सांगितलं. म्हणजे विनोद कच्चा आहे हे त्यांनाही माहीत आहे, असा त्यांनी निकाल दिला. मला राग आला, पण तेव्हापासून असल्या हशाची मालिका मी कुणाला सुचवलेली नाही. दुसरी हिंदी होती. तिच्यातलं अख्खं घर भरदुपारी सोफ्यावर बसलेलं पाहून, हे लोक कामाला कधी जातात, हा प्रश्न त्यांनी इतक्यांदा विचारला की मलाही गोष्ट कळेना.

तिसरी जावेने आणली, तेलुगू. तीन भाऊ गावात लग्नाकार्याला मंडप आणि खुर्च्या भाड्याने देतात, त्यांची गोष्ट. सासऱ्यांना समजणार नाही म्हणून मी शेजारी बसून एकेक वाक्य मराठीत सांगायची. तीन संध्याकाळी असं चाललं. त्यांचा चेहरा पंचनामा लिहून घेणाऱ्या पटवाऱ्यासारखा.

चौथ्या संध्याकाळी थोरला भाऊ तेराव्याच्या जेवणाला खुर्च्या मांडून दारात उभा होता. निघालेल्या पाहुण्यांना तो लग्नाच्या सवयीने हात जोडून म्हणाला, असेच पुढच्या कार्यालाही या. मी मराठीत सांगायला तोंड उघडणार, त्याआधीच पलंग हलायला लागला. सासरे हसत होते. प्लास्टर दोन्ही हातांनी धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

जावेने मालिका थांबवली. तेलुगू कधीपासून कळतं, असं तिने तेलुगूतच विचारलं. सासऱ्यांनी डोळे पुसले आणि स्वच्छ तेलुगूत उत्तर दिलं, की तीस वर्षं आदिलाबादच्या बाजारात कापूस विकला तो काय मुक्याने? मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "तिले सांग, बैल म्हातारा हाय, बहिरा नाही."

जाऊ वर निघून गेली. मला वाटलं, लाज वाटली असेल. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तेव्हा ती त्यांच्या पलंगापाशी उभी होती, आणि लाजबिज काही नव्हती. ती चिडली होती. नव्या घरात पहिली दोन वर्षं दिवसभर बोलायला माणूस नव्हतं, तिने सांगितलं. मी शाळेत, नवरा कामावर, आणि हंगामानंतर येऊन राहणारा एक माणूस समोर बसून सगळं समजत असूनही गप्प.

सासऱ्यांनी चादरीची किनार सारखी केली. तेलुगू येत नाही असं आधी रागात बोलून गेलो, म्हणाले, मग मागे घ्यायची लाज वाटली. पुढचं मात्र त्यांनी तिच्याकडे बघून सांगितलं. तिचं बोलणं ऐकायला मजा यायची. आपण एक शब्द बोललो असतो तर ती बंद झाली असती.

"त्यातलं कोणतं आवडलं?" तिने विचारलं. आवाज अजून कडकच होता.

त्यांनी सांगायला सुरुवात केली. कडब्याचं, लग्नातल्या फेट्याचं, त्यांच्या घोरण्यावर तिने रचलेलं, पहिल्या वर्षापासून क्रमाने. काही तर तीच विसरली होती. तिसऱ्या टोमण्यालाच ती पलंगाच्या कडेला बसली. माझ्याविषयी ती काय काय म्हणाली होती तेही त्या दिवशी मला कळलं. ते इथे लिहीत नाही.

प्लास्टर निघालं, सासरे गावी गेले. ती मंडपवाल्यांची मालिका तुम्ही जरूर बघा. पहिले दोन भाग संथ आहेत, पुढचे मात्र टाके पडलेल्या माणसाला दाखवू नका. मालिकेतल्या धाकट्या भावाने लग्न करायला हवं होतं की नको, यावर सासरे आणि जाऊ रोज संध्याकाळी फोनवर भांडतात. तो विषय संपला की ती त्यांना जेवलात का विचारते, आणि ते तिला तिथल्या भाजीत काय काय कमी होतं ते तेलुगूत सांगतात.