आणखी अर्धा फेरा

"मी इंजिनाच्या पॅकिंगचं विचारत नाहीये, ड्वेन. तुला माहीत होतं की नव्हतं, एवढंच सांग."

"माहीत म्हणजे... अंदाज होता गं."

"अंदाज!" व्हर्लीनने हातातलं तेलकट फडकं गाडीच्या बॉनेटवर आपटलं. "गेला अख्खा हिवाळा मी जळक्या ऑइलच्या वासाची पत्रं वाटतेय. ती म्हातारी हेल्गा मला विचारते, पत्रं तळून आणतेस का गं? मी आपली दात काढून हसते. आणि तुला अंदाज होता!"

ड्वेन खाली बघत राहिला. त्याचे वडील, म्हणजे तिचे सासरे ऑरिन, गॅरेजच्या कोपऱ्यात उभे होते, लांब दांड्याचा रॅचेट पाना काखेत धरून. आपल्याबद्दल बोलणं चाललंय असं त्यांच्या चेहऱ्यावरून कुणाला वाटलं नसतं.

फ्रीजरमधलं मटण काढायला व्हर्लीन सकाळी गॅरेजमध्ये आली आणि तिला ते दिसले, इंजिनावर ओणवे झालेले. ड्वेनने नुकतंच टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाचं, नवं रबरी पॅकिंग बसवून हात धुतले होते. हे दुसरं. पहिलं चार दिवस कोरडं राहिलं, मग पुन्हा ऑइल झिरपून खालच्या तापलेल्या पाइपावर पडायला लागलं आणि हीटरमधून धूर थेट तिच्या तोंडावर. तेव्हा ड्वेन म्हणाला होता, पॅकिंगच स्वस्तातलं निघालं.

"डॅड, काय करताय?" तिने विचारलं होतं.

"आणखी अर्धा फेरा देतोय. ह्या ड्वेनचं आवळणं म्हणजे काय, बायकी काम. मागच्या वेळीही मीच नीट आवळलं होतं."

ऑरिननी जन्मभर ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रं दुरुस्त केली होती. जे गळतं ते आवळायचं, एवढा एकच मंत्र. रबराचं पॅकिंग जास्त दाबलं की बाहेर फुगतं आणि तिथूनच गळतं, हे त्यांना पटणं शक्य नव्हतं. घरातले नळ, सायकलींची चाकं, मुरंब्याच्या बरण्या, सगळ्यांना त्यांचा अर्धा फेरा मिळायचाच. सासू जिवंत होती तेव्हा लोणच्याची बरणी उघडून घ्यायला शेजारी जायची. नवऱ्याला मात्र एका शब्दाने बोलली नाही. डॅडना कुणी काही म्हणायचं नाही, ही त्या घराची रीतच.

"मग तोंड का नाही उघडलंस?" व्हर्लीनने पुन्हा विचारलं.

"ह्या वयात त्यांना काय शिकवायचं?"

"आणि माझं काय? सोमवारी पोस्टमास्तरीणबाई बॉनेट उघडून बघणार आहे. धूर दिसला तर माझा टपालाचा मार्ग त्या बदलीवाल्या पोराला देणार. एकदा दिलेला मार्ग परत मिळाल्याचं ऐकलंयस कधी?"

त्यांची मुलगी आता बाहेरगावी असते; ती शाळेत जायला लागली तेव्हापासून व्हर्लीन स्वतःच्या गाडीतून टपाल वाटत होती. स्टीअरिंग डाव्या बाजूला, पण पेट्या उजवीकडे, म्हणून उजव्या सीटवर बसायचं, डावा पाय ताणून पेडलवर, डावा हात स्टीअरिंगवर, उजव्या हाताने रस्त्याकडेच्या पेट्या भरत जायच्या. तिची कंबर कायमची वाकडी झाली होती. पण त्या मार्गावर कोण आजारी, कोणाचा मुलगा सैन्यात, हे सगळं तिला ठाऊक असायचं. ह्या घरात तिचं स्वतःचं असं तेवढंच होतं.

"आर्लीनकडे नेली असती गाडी, तर कधीच झालं असतं," ती म्हणाली. आर्लीन तिची विधवा बहीण, मार्गाच्या पहिल्याच वळणावर राहायची. "तिच्या शेडला कुलूप तरी आहे."

ऑरिन खाकरले. "पोस्टात हल्ली इंजिनं पण शिकवतात वाटतं."

तिने ड्वेनच्या ट्रकची किल्ली उचलली, दुकानातून नवं पॅकिंग आणलं आणि पाकिटातला कागद वाचला, जो त्या घरात आजवर कुणी वाचला नव्हता. तारा सोडवल्या, बोल्ट काढले. कव्हर चिकटून बसलं होतं, रबरी हातोडीने टिचक्या मारून सोडवलं. आतलं पॅकिंग सकाळीच बसवलेलं, तरी दोन ठिकाणी जिभेसारखं बाहेर आलं होतं. तिने खाच पुसून कोरडी केली, नवं रबर बोटाने दाबत बसवलं, कोपऱ्यांना सिलिकॉनचा ठिपका दिला. मधल्या बोल्टापासून बाहेरच्याकडे, आलटून पालटून, थोडं थोडं आवळत गेली. मनगट थांब म्हणालं तिथे थांबली.

संध्याकाळी तिने चिली, म्हणजे मटण-राजम्याचं तिखट कालवण, आणि दालचिनीचे रोल टेबलावर मांडले. "डॅड, गाडीला आता हात लावायचा नाही," ती म्हणाली. ड्वेनने मीठ मागितलं.

थोड्या वेळाने ऑरिन कुत्र्याला बाहेर सोडतो म्हणून उठले. गॅरेजचं दार करकरलं. मग रॅचेट पान्याचा आवाज आला. कट्, कट्, कट्.

व्हर्लीनने नवऱ्याकडे बघितलं. त्याने ऐकलं होतं. त्याची मानच सांगत होती. त्याने दुसरा रोल घेतला आणि त्याला लोणी लावायला लागला.

ती उठून गॅरेजमध्ये गेली.

"अगं, हा बोल्ट तर बोटाने फिरतोय!" ऑरिन म्हणाले.

तिने त्यांच्या हातातून पाना काढून घेतला. पहिल्याच बोल्टावर होते अजून. तिने तो सैल केला, विजेरी धरून रबर तपासलं, जागेवर होतं. बोल्ट पुन्हा हलक्या हाताने बसवला, बॉनेट लावलं आणि गाडी बाहेर काढून दारात उभी केली. मग वर जाऊन टपालाचा डगला आणि एक बॅग घेऊन खाली आली. ऑरिन पुन्हा जेवायला बसले होते.

"बस की," ड्वेन म्हणाला. "रोल गार होताहेत."

"गाडी आजपासून आर्लीनच्या शेडमध्ये राहील," ती म्हणाली. "आणि मीही तिथेच राहणार आहे."