तीन गावांतली फाईल

शिकलेली माणसं जगात पुष्कळ असतील, पण आपण शिकलो याचा पुरावा तीन गावांत ठेवणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे माझ्या ताईचे धाकटे दीर. मी त्यांना दाजी म्हणतो. ते लातूरला ट्यूशनच्या गल्लीत राहतात. कॉम्प्युटरचा नवा कोर्स निघाला की पहिला अर्ज त्यांचा. डीटीपी झालं, हार्डवेअर झालं, नेटवर्किंग झालं. दुकान नसताना हिशेबाच्या सॉफ्टवेअरचाही कोर्स झाला. वर्गात सगळी अकरावी-बारावीची पोरं, आणि पहिल्या बाकावर चाळिशी ओलांडलेले दाजी, डब्यासकट. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायचा जुना नियम बाकीच्यांनी केव्हाच सोडला, पण दाजी घरच्या कॉम्प्युटरपुढेही पाय धुऊन बसतात. "देवापुढं बसताना एवढे पाय धूत न्हाईत," अशी त्यांच्या बायकोची कायमची तक्रार.

प्रमाणपत्र हाती पडलं की त्याच दिवशी लॅमिनेशन. एकदा एका शाळेत जागा निघाली, तेव्हा झेरॉक्सवर साहेबांची सही लागणार होती. दाजींनी उत्साहात झेरॉक्सही आधीच लॅमिनेट करून नेल्या. साहेबांचं पेन प्लास्टिकवरून घसरायला लागलं, शिक्का बोटानं पुसला गेला. दाजी शांतपणे म्हणाले, "सायेब, मार्कर देऊ का?" ती जागा गेलीच, पण दाजींनी त्या झेरॉक्ससुद्धा जपून ठेवल्या. मूळ प्रत त्यांच्याकडे लातूरला, एक झेरॉक्स औशाला ताईच्या घरी आणि एक नांदेडला माझ्या कपाटात, अशी त्यांची वाटणी ठरलेली. आमच्या लग्नाचा अल्बम पलंगाखाली गेला तो या फाईलमुळे. एकदा मी वैतागून विचारलं, "दाजी, तीन-तीन गावं कशाला?" ते म्हणाले, "पाव्हणं, भूकंप झाला तरी तिन्ही गावं एकदम न्हाई पडायची."

त्र्याण्णवच्या भूकंपात दाजींचं औशाकडचं घर पडलं होतं. सगळे शेतातल्या आखाड्यावर, तिथल्या छपरात झोपायला गेले होते म्हणून वाचले. पत्र्याची पेटी मात्र ढिगाऱ्यात गेली, आणि तिच्यात दाजींचं वायरमनचं प्रमाणपत्र होतं. ज्या संस्थेनं ते दिलं तिची कपाटंही पडली, त्यामुळे दुसरी प्रत मिळेना. पुढे नवी घरं उभी राहिली, वायरिंगची कामं निघाली, आणि दाजी दारोदार सांगत फिरले की मी वायरमन हाय. लोक म्हणायचे, कागद दाखवा. गावातल्या निम्म्या घरांची वायरिंग ज्यांनी केली होती, ते तेव्हा दुसऱ्याच्या हाताखाली वायर ओढत होते.

तरीही मी अडाण्यासारखं विचारायचोच, "या चौदा कागदांचा उपयोग काय झाला?" दाजी म्हणायचे, "होईल की. वाट बघायलोय."

आणि एकदा तशी वेळ आली. एका ट्यूशनवाल्यानं मोठी कॉम्प्युटर लॅब काढली, तिला शिक्षक हवा होता. दाजी इस्त्रीचा शर्ट घालून, फाईल छातीशी धरून गेले. मालक म्हणजे पूर्वी त्यांच्याच मागच्या बाकावर बसणारा पोरगा निघाला. नेमकी तेव्हाच लॅब बंद पडली होती. दाजींनी फाईल खुर्चीवर ठेवली, चपला काढल्या आणि अर्ध्या तासात सगळी लॅब चालू करून दिली. पोरगा म्हणाला, "काका, उद्यापासून या." दाजी म्हणाले, "अरे, कागद तर बघ." तो म्हणाला, "तुमचे कागद कशाला बघायचे, काका?"

दुसऱ्याच रविवारी दाजी पेढे घेऊन नांदेडला आले. मला वाटलं, खुशीत असतील. पण पेढा पुढे करून ते माझ्या कपाटाकडे बघायला लागले. "नोकरी लागली, लई चांगलं झालं," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "पण पाव्हणं, फाईल कुणी उघडलीच न्हाई."

मी उठून कपाटातली फाईल काढली, चष्मा लावला आणि पहिल्या कागदापासून सुरुवात केली. कोर्स, तारीख, श्रेणी, सगळं मोठ्यानं वाचलं. दाजी मान खाली घालून ऐकत होते, आणि मी एक ओळ गाळली तेव्हा म्हणाले, "वरचं राहिलं." मी ती वाचली. चौदाही वाचून होईपर्यंत चहा दोनदा गार झाला, आणि निघताना दाजी दारात चपला घालायलाच विसरले.

आता प्रमाणपत्रं मोबाईलवर येतात. दाजी मला पाठवतात, मी इथे प्रिंट काढून लॅमिनेट करतो, फाईलमध्ये लावतो आणि त्यांना फोन करून अख्खं वाचून दाखवतो.