पेटंटवाले आप्पा

"कुणाला दावलं न्हाय न्हवं?"

माणूस खुर्चीत टेकायच्या आत आप्पांचा हा प्रश्न यायचा. चहापाणी, नावगाव सगळं त्यानंतर.

आप्पा येळ्ळूरच्या शेतकऱ्याचे चिरंजीव. आधी इंजिनिअर, मग बेळगावात पेटंटचे वकील. पंपवाले, फौंड्रीवाले त्यांचा सल्ला घ्यायला येत. मी त्यांच्या ऑफिसात यंत्रांची चित्रं काढायला होते. अर्जाआधी कल्पना जगजाहीर झाली की पेटंट गेलं, हे ऐकून ऐकून आमच्या चहावाल्यालाही पाठ झालं होतं.

एकदा खासबागचा एक विणकर आला. धागा तुटला की यंत्रमाग थांबवणारा खटका त्यानं बनवला होता. आप्पांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"दावलाय की! मोबाईलवर व्हिडिओ टाकलाय. दोन वर्सं झाली, लई जणांनी बघितलाय," तो खुशीत म्हणाला.

आप्पांनी चष्मा काढला. "मग ह्याचं पेटंट न्हाय व्हायचं रं."

खटका परत ठेवताना विणकराला पिशवीचं तोंडच सापडेना.

त्या रविवारी आप्पा मला घेऊन त्याच्या घरी गेले. मागाजवळ स्टूल टाकून बराच वेळ नुसते बघत बसले.

"तुटायच्या आधी धाग्याचं काय व्हतंय?"

"सैल पडतोय."

"मग तुटायची वाट कशाला बघतोस?"

काही महिन्यांनी विणकरानं सैल धागा ओळखणारा खटका केला. या खेपेला त्यानं पाहुण्यांनाही मागाकडे फिरकू दिलं नाही. आप्पांनी अर्ज लिहिला.

पेटंट ऑफिसात सुनावणी लागली तोवर घशाच्या ऑपरेशननं आप्पांचा आवाज गेला होता. दुसरा वकील बघूया, असं मी म्हटलं. त्यांनी कागदावर लिहिलं, 'त्यालाच बोलू दे.' मग सरावासाठी रोज ते प्रश्न लिहीत आणि विणकर मोठ्यानं वाचून उत्तर देई.

सुनावणी व्हिडिओवर होती. जुन्या खटक्यात आणि यात फरक काय, असं पेटंट ऑफिसच्या साहेबांनी विचारलं आणि विणकर अडखळला. आप्पांचे ओठ हलले. मी उत्तराचा कागद पुढं सरकवणार, तर त्यांनी माझा हात धरला.

विणकरानं डोळे मिटले. बोटांनी धागा चाचपल्यासारखं करत तो म्हणाला, "साहब, वो टूटने के बाद रोता है. ये पहले पकडता है."

आप्पांनी माझा हात सोडला. त्यांचा तळवा घामानं भिजला होता.

पेटंट मिळालं तेव्हा आप्पांना जाऊन महिना झाला होता. मी ऑफिसातल्या फायली बांधत होते. विणकर प्रमाणपत्राची छापील प्रत घेऊन आला आणि दारातच उभा राहून, ओळीवर बोट ठेवत वाचू लागला. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं.

"आक्का, ह्यात आप्पांचं नाव कुठं हाय?"

"वकिलाचं नाव नसतं त्यावर."

त्यानं कागद टेबलावर ठेवला. माझं पेन उचललं आणि तसाच उभा राहिला.

"मग कुठं लिवू, सांगा की."