मानेमागचा हात

कुणाच्या कडेवर तान्हं लेकरू दिसलं की नाव-गाव विचारायच्या आधी गयाबाईंचा पंजा त्याच्या मानेमागे जायचा. अनोळखी बाया चपापायच्या. मला तर पहिल्या दिवशी त्यांचा रागच आला होता.

बहात्तरच्या दुष्काळात तेर-येडशी रस्त्याच्या कामावर मी खडी फोडायला जात होते. मॅट्रिक झालेली, पाटलांच्या घरची सून, आणि कडेवर तीन महिन्यांची शालन. कामावरची दहा-बारा लेकरं बारदानाच्या सावलीत सांभाळायला मुकादमाने गयाबाईंना बसवलं होतं. गावात त्यांच्या वस्तीचं पाणी न पिणाऱ्या घरांतली लेकरंही तिथं मुकाट त्यांच्या मांडीवर होती. माझंही त्यातलंच.

स्वस्थ बसणं त्यांना माहीत नव्हतं. या झोळीकडून त्या झोळीकडे फेऱ्या चालू. एकदा मुकादम लाडात येऊन एक लेकरू वर उडवायला लागला, तर त्यालाच झापलं, "मुकादम, लेकरू हाय ते! सुपातली ज्वारी न्हाय पाखडायला!"

शालन तेव्हा दिवसदिवस रडायची. अंगावर दूध पुरत नव्हतं, नवरा कामाच्या शोधात बार्शीला गेलेला, आणि सासूबाईंचा रोज एकच प्रश्न, "काय केलंस लेकराला?" माझं डोकं कायम भणभणलेलं असायचं. एका दुपारी पाजायला घेतलं तर तिनं तोंडच लावलं नाही, नुसती किंचाळत राहिली. मी तिला दोन्ही दंडांना धरून समोर उचललं. माझे दात आवळलेले होते. पुढे काय करणार होते ते मला पक्कं माहीत आहे.

तेवढ्यात तिच्या मानेमागे पंजा आला.

"खाली ठिव."

"मावशी, ही गपच बसत नाही हो!"

"नगं बसू दे. रडू दे की. ताप न्हाय, मुंगी चावली न्हाय, म्या बघते तिच्याकडं. वाकळंवर ठिव आन् तू लांब जा. जा, खडी फोड."

गेले. त्या दिवसासारखी खडी मी कधी फोडली नाही. परत आले तेव्हा शालन हुंदके देत त्यांच्या तोंडाकडे टकामका बघत होती. गयाबाई माझ्याकडे न बघता बोलल्या.

"माझा पयला असाच रडायचा. म्या धरून गदागदा हलिवला. दोन-तीन येळा. गप झाला. मला वाटलं, झोपला. वरून साधा ओरखडा न्हवता बग. घरचे म्हणले, नजर लागली. म्याबी व्हय म्हणले. लई नाजूक आसती मान, पोरी. आत काय तुटतं ते दिसत न्हाय."

"हे कुणाला सांगितलंत, मावशी?"

"तुलाच," म्हणत त्या दुसऱ्या झोळीकडे गेल्या.

पुढे मी बालवाडीत लागले. येणाऱ्या प्रत्येक आईला सांगत आले: जीव अगदी वैतागला तर लेकरू खाली ठेवा, बाजूला व्हा, दुसऱ्याच्या हाती द्या, पण हलवू नका. बायांना वाटायचं, बाईंनी पुस्तकात वाचलंय. मी तसंच वाटू दिलं.

गयाबाई गेल्या त्याच्या आदल्या महिन्यात शालनला घेऊन त्यांना भेटायला गेले होते. डोळ्यांनी दिसत नव्हतं. "शालन आलीय," म्हणताच त्यांचा हात चाचपडत तिच्या मानेमागे गेला. शालन हसली. "अहो आजी, बारावीला आहे मी!" तरी हात निघेना.

परतताना एसटीत तिनं विचारलं, "आई, त्यांनी माझी मान का गं धरली?"

येडशीचा फाटा आला तसा, खडी फोडली तो रस्ता मी तिला खिडकीतून दाखवला. मग तिला सगळं सांगितलं. त्या दुपारी माझे दोन्ही हात कुठे होते, तेसुद्धा.