आगीतून राख की रोप?

वाचनालयाचा हा फळा, समोरचं बाक आणि माझी लेक शोभा हिचं अभ्यासाचं टेबल मी माझ्या हातांनी केलं. सुतारकाम कुणी शिकवलं नाही. शोभाला वकिलीच्या प्रवेश परीक्षेसाठी तयार केलं, तेही मीच.

मंडळी, आज निकाल लागला. शोभा एका मार्कानं राहिली.

कॉलेजातल्या सरांनी चुकलेला प्रश्न दाखवला. पावसातून पीक, तर आगीतून काय? शोभानं लिहिलं होतं, रोप.

"अगं, राख!" सर हसले.

शोभा म्हणाली, "सर, गावाकडं वडिवळ्याला आमी राब भाजतो. वावरात पालापाचोळा जाळायचा, मग त्याच जागी भाताची रोपं लय जोमानं येतात."

"पटलं. पण उत्तर छापलेलं आहे, बाई."

आधी जोडीतलं नातं डोळ्यांपुढं आण, मगच लिही, हे मीच शिकवलं होतं. तिनं तंतोतंत तेच केलं.

पुढच्या वर्षी तिला काय शिकवू? पाहिलेलं लिही की छापलेलं? कुणीतरी सांगा. कारण निकाल बघून परतताना लोणावळ्याला गाडीतून उतरताच चिक्कीवाले शेठ म्हणाले, "भाऊ, पोरीला दुकानात बसवा." मीच नको म्हणालो, पुढच्या वर्षी ती पुन्हा परीक्षा देईल. महिना दीडशे रुपये देत होते.